दहा नंबरचं लिव्हर: चांगल्या माणसांच्या वॉर्डातला कोरडेपणा

आईच्या उशाशी मी अकरा रात्री काढल्या. त्यातल्या चौथ्या रात्रीची ही गोष्ट. दिवसभर कण्हून कण्हून तिला नऊच्या सुमाराला कशीबशी झोप लागली होती. साडेदहाला सिस्टर आल्या, दिवा लावला, तिला हलवून जागं केलं आणि गोळी दिली. ती झोपेची गोळी होती.

मी भडकले. "अहो, झोपलेल्या माणसाला उठवून झोपेची गोळी देता?"

"चार्टवर लिहिलंय. दिली नाही तर सकाळी मला उत्तर द्यावं लागतं," एवढंच बोलून त्या पुढच्या बेडकडे गेल्या. आई पहाटेपर्यंत टक्क जागी.

त्याच पहाटे पाणी आणायला बाहेर पडले तेव्हा त्याच सिस्टर मला कोपऱ्यातल्या बेडपाशी दिसल्या. तिथल्या म्हातारीजवळ रात्री कुणी थांबायचं नाही. सिस्टर तिचा हात हातात धरून नुसत्या बसल्या होत्या. माझी चाहूल लागताच चटकन उठल्या आणि ट्रेमधल्या सिरिंज लावू लागल्या. काहीतरी चुकीचं करताना पकडलं गेल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. मला आठवतो तो हा चेहरा. माया करताना कुणी पाहिलं म्हणून माणसाला ओशाळं का वाटावं?

नोकरीच्या जागी आपण एकमेकांशी आणि आपल्याकडे आलेल्या माणसांशी कोरडे का वागतो, याचं उत्तर बहुतेकदा माणसांच्या स्वभावात शोधलं जातं. "हल्लीच्या मुलांना कळवळाच नाही" हे वाक्य बँकेत, शाळेत, कारखान्यात सगळीकडे ऐकू येतं. या उत्तराला माझ्या माहितीत सगळ्यात खोलवर हात घालणारा अभ्यास लंडनच्या एका रुग्णालयात झाला. आज त्याला साठ वर्षं उलटून गेली आहेत, पण आपल्या वॉर्डात बसून तो वाचला तर कालचा वाटतो.

प्रश्न होता वेळापत्रकाचा

हा अभ्यास करणारी इझाबेल मेंझीज मूळची स्कॉटलंडची. अर्थशास्त्र आणि मानसशास्त्र शिकून ती संस्थांमधल्या माणसांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या लंडनच्या टॅविस्टॉक इन्स्टिट्यूटमध्ये आली आणि पुढे मनोविश्लेषक झाली. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात लंडनच्या एका मोठ्या, शिक्षणही देणाऱ्या रुग्णालयाने या संस्थेकडे मदत मागितली. रुग्णालयात सुमारे ७०० खाटा होत्या आणि परिचारिकाही जवळपास ७००च. त्यातल्या फक्त दीडशेच्या आसपास पूर्ण शिकलेल्या होत्या, बाकी सगळ्या विद्यार्थिनी. अभ्यासक्रम चार वर्षांचा. शिकलेल्या परिचारिका देखरेख, कारभार आणि शिकवणं यांत गुंतलेल्या, त्यामुळे रुग्णाच्या अंगाला हात लावून करायचं जवळजवळ सगळं काम या मुलींवर पडलेलं.

तक्रार साधी होती. कोणत्या मुलीला कोणत्या वॉर्डात कधी पाठवायचं याचा मेळ बसत नव्हता. शिक्षणासाठी तिला सगळीकडचा अनुभव हवा, आणि वॉर्डांना हवी ऐनवेळी मनुष्यबळाची भरपाई. वरिष्ठांना वाटत होतं की ही व्यवस्था आता कोसळणार.

मेंझीज आणि तिच्या सहकाऱ्यांनी सुमारे सत्तर परिचारिकांशी एकेकटीने किंवा लहान गटांत बसून बोलणी केली, वॉर्डांत राहून काम पाहिलं. वेळापत्रकाच्या खाली त्यांना वेगळंच काही सापडलं. मुलींमध्ये भीती आणि ताण इतका होता की हे रुग्णालय चालतं तरी कसं, असा प्रश्न पडावा. सुमारे एक तृतीयांश विद्यार्थिनी शिक्षण पुरं न करताच निघून जात, आणि त्यांतल्या बहुतेक स्वतःहून. एक-दोन दिवसांच्या किरकोळ आजारपणाच्या रजांचं प्रमाण मोठं. वरिष्ठसुद्धा भराभर नोकऱ्या बदलत.

१९६०मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निबंधातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते यापुढचं. ताण कामातच आहे, हे ती मान्य करते. परक्या माणसाचं उघडं अंग पुसायचं, जखमा धुवायच्या, मरण जवळून पाहायचं. यातून दया आणि माया जागी होते, तसाच अपराधीपणा, किळस, रुग्णाचा रागसुद्धा, आणि त्याची एवढी सेवा होते याचा हेवाही. रुग्ण आणि नातेवाईक यांत भर घालतात. ते कृतज्ञ असतात, तसेच दुबळे आणि चिडलेलेही असतात आणि आपली भीती परिचारिकेवर ओततात. (मी साडेदहा वाजता तेच केलं होतं.) पण मेंझीज म्हणते की एवढ्याने एवढा ताण उलगडत नाही. त्या ताणापासून वाचण्यासाठी रुग्णालयाने कामाची जी रचना उभी केली होती, ती रचनाच ताण वाढवत होती आणि मायेची वाट अडवत होती. ही रचना कुणी एकाने ठरवून केलेली नव्हती. पिढ्यानपिढ्या प्रत्येकीने आपल्यापुरती थोडी सुटका शोधली, आणि तिचीच पुढे रीत झाली.

कामांची यादी

त्या वॉर्डात कुठल्याच परिचारिकेकडे रुग्ण सोपवलेला नसे. सोपवलेली असत कामं. एकीने सगळ्यांचं तापमान घ्यायचं, एकीने सगळ्यांचे बेडपॅन, एकीने अंथरुणं. म्हणजे प्रत्येक मुलगी तीस माणसांसाठी दोन-तीन कामं करायची आणि एका माणसासाठी सगळं असं कधीच काही करायची नाही. कुणाला कळवळा वाटायला त्या माणसापाशी जेवढा वेळ लागतो, तेवढा कुणाच्याच वाट्याला येत नसे.

मग नावं गळाली. परिचारिका एकमेकींशी बोलताना रुग्णाला नावाने न ओळखता बेडच्या नंबराने किंवा आजाराने ओळखत. मेंझीजने नोंदवलेले शब्द आज जगभर उद्धृत होतात: "दहा नंबरच्या बेडवरचं लिव्हर", "पंधरा नंबरचा न्यूमोनिया". परिचारिकांना स्वतःला हे आवडत नव्हतं, हेही तिने लिहून ठेवलंय. पण तीस माणसांची नावं, तीही एकेकाची दोन मिनिटं भेट होताना, लक्षात राहणार कशी? आपल्याकडे "सोळा नंबरचं ड्रेसिंग झालं का?" असं बोलणाऱ्या सिस्टरांना मी मनातल्या मनात निर्दय ठरवत आले होते. हा निबंध वाचल्यावर पहिल्यांदा मनात आलं की सोळा नंबरवर कोण आहे हे कळायची संधी त्यांना कुणी दिलीच नव्हती.

रुग्ण जसे सारखे केले तशा परिचारिकाही सारख्या केल्या. गणवेश एक, आणि शिकवण अशी की कुठल्याही रुग्णाची सेवा करताना चांगल्या नर्सला फरक पडू नये, कुठल्याही वॉर्डात पाठवलं तरी वाईट वाटू नये. म्हणून मुली अचानक हलवल्या जात. एखाद्या रुग्णाशी सूर जुळलेला असतानाच दुसऱ्या दिवसापासून दुसरा वॉर्ड. बोलणी करताना याचं दुःख मुलींनी भरभरून सांगितलं. व्यवस्था मात्र हे दुःख जमेतच धरत नसे.

कामं ठरलेल्या वेळी, ठरलेल्या पद्धतीनेच. स्वतःच्या बुद्धीने एखादी गोष्ट मागेपुढे करायला वाव नाही. झोपेची गरज असलेल्या रुग्णालाही सकाळी सगळ्यांबरोबर उठवायचं, कारण यादीत ती वेळ आहे. निर्णय घ्यायचाच नाही म्हटलं की निर्णय चुकण्याची भीतीही उरत नाही. आमच्या सिस्टर "चार्टवर लिहिलंय" म्हणाल्या तेव्हा त्या माझ्यापासून स्वतःचा बचाव करत होत्या, असं मला वाटलं होतं. आता वाटतं, तो बचाव फार जुना होता आणि त्यांना तो आयता हाती दिला गेला होता.

बेजबाबदार मुली

जबाबदारीचं ओझं कमी करण्याची आणखी एक युक्ती या रचनेत होती. ती कुठल्याही कचेरीत दिसेल, म्हणून तिच्यापाशी जरा थांबते.

प्रत्येक परिचारिकेच्या मनात दोन आवाज असतात. एक म्हणतो, काळजीपूर्वक कर. दुसरा म्हणतो, सोडून दे, पळ इथून. हे दोन आवाज एकाच डोक्यात नांदवणं अवघड. म्हणून त्यांची वाटणी झाली. दुसरा आवाज आपल्याहून कनिष्ठ मुलींवर लादला गेला: "या पोरी बेजबाबदार, यांच्यावर सारखी नजर हवी." आणि पहिल्या आवाजातला कठोरपणा वरिष्ठांवर: "त्या कडक, त्या निष्ठुर." गंमत अशी की ज्या मुलीला वरची बेजबाबदार म्हणे, तीच आपल्या खालचीला तेच म्हणे. सगळी शिडी एकमेकींकडे बोट दाखवत उभी.

यातून दोन गोष्टी घडल्या. कामं वर सरकत गेली, म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या मुलीला सहज जमेल ते काम चौथ्या वर्षाची करत राहिली, आणि मुली कुवतीपेक्षा कमी काम करून कंटाळल्या. दुसरं, सहकाऱ्यांमधला जिव्हाळा आटला. खालची बेजबाबदार आणि वरची निष्ठुर हे आधीच ठरलेलं असेल, तर रडू आल्यावर जायचं कुणाकडे? मेंझीजने लिहिलंय की वरिष्ठ परिचारिका एकेकट्या भेटल्या तर समजूतदार आणि प्रेमळ होत्या. मुलींचं दुःख त्यांना कळत होतं. पण ते हाताळायची रीत त्यांना एकच ठाऊक होती: पाठीवर थाप आणि "सावर आता, कामाला लाग".

आपल्या कचेऱ्यांत हेच वाक्य "मनावर घेऊ नकोस" या रूपात येतं. बोलणाऱ्याच्या मनात खरोखर माया असते. ऐकणाऱ्याला एवढंच कळतं की मनावर घेतलेलं इथे दाखवायचं नाही.

शेवटचा एक समज: नर्स जन्मावी लागते, घडवता येत नाही. म्हणून भर निवडीवर. योग्य स्वभावाच्या मुली घेतल्या की पुढचं आपोआप होईल. आजही कंपन्या "सहवेदना असलेले उमेदवार" शोधण्यासाठी चाचण्या घेतात तेव्हा मला हा समज आठवतो. कारण मेंझीजच्या निष्कर्षांपैकी सगळ्यात बोचणारा हाच होता की निघून जाणाऱ्या मुलींमध्ये जास्त प्रगल्भ, जास्त समजदार मुलींचं प्रमाण मोठं दिसत होतं. ज्यांना रुग्णाशी नातं जोडायचं होतं, त्यांनाच ही रचना सर्वांत जास्त दुखवत होती. निवड उत्तम व्हायची, आणि मग रचना त्या निवडलेल्यांतल्या उत्तमांना गाळून टाकायची.

पुढे काय झालं, आणि मेंझीज कुठे अपुरी पडते

रुग्णालय फारसं बदललं नाही. हे तिने स्वतःच लिहिलंय. किरकोळ फेरफार स्वीकारले गेले. रुग्ण परिचारिकेकडे सोपवण्यासारख्या मुळाशी जाणाऱ्या सूचनांना मात्र विरोध झाला, कारण जुनी ढाल खाली ठेवायची म्हणजे ज्या भीतीपासून ती वाचवते, त्या भीतीसमोर काही काळ उघडं उभं राहायचं. व्यवस्था तेव्हाच बदलते जेव्हा त्या मधल्या काळात कुणीतरी आधाराला असतं.

तिच्या मांडणीवर आक्षेप आहेत, आणि ते मला गंभीर वाटतात. यादीने काम वाटण्यामागे भीतीच होती, की स्वस्तात मिळणाऱ्या विद्यार्थिनींकडून भरपूर काम काढून घेण्याचा साधा हिशेब? लष्करी शिस्तीची जुनी परंपरा? ज्याच्या कल्पनेवर तिने आपली मांडणी उभारली त्या मनोविश्लेषक इलियट जॅक्सने १९५५मध्ये म्हटलं होतं की माणसं संस्थांचा उपयोग आपल्या भीतीपासून बचावासाठी करतात. चाळीस वर्षांनी, १९९५मध्ये, त्यानेच ही भूमिका सोडली. संस्था वाईट चालतात त्या वाईट रचल्या म्हणून, आणि माणसांतली भीती त्यातून येते, असं तो म्हणू लागला. मला यात निवड करावीशी वाटत नाही. पैशाच्या हिशेबाने रचना सुरू झाली असेल, पण ती मोडताना जो आतून विरोध होतो तो पैशाने उलगडत नाही.

दुसरी उणीव तिच्या काळाची. तिच्याकडे कळवळ्याचे दोन प्रकार वेगळे करणारी साधनं नव्हती. टानिया सिंगर आणि ओल्गा क्लिमेकी या मेंदूच्या अभ्यासकांनी अलीकडे केलेल्या प्रयोगांत लोकांना आधी दुसऱ्याचं दुःख स्वतःत अनुभवायचं शिक्षण दिलं. त्यांची स्वतःची वेदना वाढली, आणि मेंदूत वेदनेशी जोडलेले भाग जास्त जागे झाले. नंतर त्याच लोकांना करुणेचं, म्हणजे दुसऱ्याचं भलं व्हावं या ओढीचं शिक्षण दिलं, तेव्हा वाईट भावना पुन्हा खाली आल्या, चांगल्या वाढल्या आणि मेंदूतले वेगळेच भाग उजळले. म्हणजे "फार जवळ गेलीस तर मोडून पडशील" ही वॉर्डातली जुनी भीती अर्धी खरी आहे. दुसऱ्याच्या दुःखात नुसतं भिजत राहिलं तर माणूस थकतो. त्या दुःखासाठी काही करता आलं, तर तग धरतो. आणि कामाची यादी नेमकं हे "काही करता येणं" हिरावून घेते. तीस माणसांचं दुःख डोळ्यांसमोर, हातात फक्त थर्मामीटर.

स्टॅफर्ड

अर्ध्या शतकानंतर इंग्लंडमध्येच हा प्रश्न भयंकर रूपात परत आला. स्टॅफर्डच्या रुग्णालयात २००५ ते २००९ या काळात रुग्णांचे जे हाल झाले, त्यांची रॉबर्ट फ्रान्सिस यांनी चौकशी केली. पाण्याचा ग्लास हाताशी नाही म्हणून रुग्णांनी फुलदाणीतलं पाणी प्यायल्याच्या कहाण्या सांगितल्या गेल्या. २०१३च्या अहवालात २९० शिफारशी होत्या, आणि खर्चकपात, कमी कर्मचारी आणि ठरवून दिलेली लक्ष्यं गाठण्याची धडपड यांवर बोट ठेवलं होतं.

पण वर्तमानपत्रांतला सूर बराचसा "नर्सना आता कणवच उरली नाही" असाच होता. त्याच सुमाराला इंग्लंडच्या मुख्य परिचारिका अधिकाऱ्यांनी सहा मूल्यांचा कार्यक्रम जाहीर केला, त्यात करुणा होतीच. या मूल्यांना माझा विरोध नाही. पण रात्रपाळीला एका बाईकडे अख्खा वॉर्ड सोपवायचा आणि भिंतीवर "करुणा" लिहायचं, याने त्या बाईच्या अपराधीपणात तेवढी भर पडते. मेंझीज असती तर म्हणाली असती की भिंतीवर लिहिलेलं वाक्यही एक ढालच आहे, या वेळी व्यवस्थापनाची.

रचना बदलून पाहिलेले प्रयोगही आहेत, आणि तेच मला जास्त बोलके वाटतात. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठाच्या रुग्णालयात १९६०च्या दशकाच्या शेवटी मेरी मँथी आणि तिच्या सहकाऱ्यांनी एका वॉर्डात कामांची यादी बाजूला ठेवली. प्रत्येक रुग्णाची एक परिचारिका ठरली, दाखल झाल्यापासून घरी जाईपर्यंत तिचीच जबाबदारी. नवी माणसं घेतली नव्हती. तीच माणसं, तेच रुग्ण, फक्त "हे कुणाचं?" या प्रश्नाला उत्तर मिळालं.

दुसरा प्रयोग बॉस्टनचा. केनेथ श्वार्ट्झ हा आरोग्यक्षेत्रातला वकील, वयाच्या चाळिशीत फुफ्फुसाच्या कर्करोगाने आजारी पडला. १९९५मध्ये जाण्यापूर्वी त्याने लिहिलं की कर्मचाऱ्यांच्या छोट्या छोट्या माणुसकीने असह्य ते सह्य झालं. त्याच्या नावाच्या संस्थेने पुढे रुग्णालयांत बैठका सुरू केल्या. तासभर डॉक्टर, नर्स, सफाई कामगार, कारकून सगळे एकत्र बसतात आणि एखाद्या रुग्णाने आपल्या मनावर काय केलं ते बोलतात. तोडगा काढायचा नसतो. इंग्लंडमध्ये या बैठका २००९मध्ये आल्या. तिथल्या अभ्यासात नियमित येणाऱ्यांमधलं मानसिक त्रासाचं प्रमाण साधारण निम्म्यावर आलं, न येणाऱ्यांत फारसा फरक पडला नाही. आमच्या सिस्टरांनी त्या पहाटे जे कुणी पाहू नये अशा घाईने आवरलं, ते इथे सगळ्यांदेखत बोलता येतं.

आईला बाराव्या दिवशी घरी सोडलं. निघताना तिने विचारलं, "ती चष्मेवाली सिस्टर कुठाय? तिला सांगून जाऊ." मी काउंटरवर गेले. ज्या सिस्टर होत्या त्या त्याच सकाळी दुसऱ्या वॉर्डातून आल्या होत्या. त्यांनी रजिस्टर चाळलं, मान हलवली. "ड्युटी बदलली असेल, ताई. नाव काय त्यांचं?"

अकरा रात्रींत ते मीही विचारलं नव्हतं.